पॉलिसीतली पोरं

रूथ वाकरूळकर त्रेसष्टाव्या वर्षी ड्रायव्हिंग टेस्ट पास झाली, आणि तीही चौथ्या खेपेला. पहिल्या तिन्ही वेळी ती एकाच कारणाने आपटली. राउंडअबाउट आला की बाई थांबायच्या. उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायच्या, मग त्याच्या मागच्याला द्यायच्या, मग त्याच्याही मागच्याला. अख्खं वॉटफर्ड डोळ्यांसमोरून निघून जायचं आणि या आपल्या "जा बाबा, तुला घाई असेल" म्हणत उभ्याच. तिसऱ्या वेळी परीक्षकाने मान हलवत सांगितलं की तुमचा स्वभाव चांगला आहे, पण रस्त्यावर तो चालत नाही. चौथ्या वेळी मात्र ती घुसली. ठाण्याच्या मार्केटमध्ये सणाच्या आदल्या दिवशी पिशवी पुढे करून घुसायचे ना, तशी घुसले, असं तिने घरी येऊन सांगितलं.

रूथ आणि तिचा नवरा शिमोन, दोघंही ठाण्याचे बेने इस्राएल. मराठी बोलणारे ज्यू म्हटलं की अजूनही पुष्कळांच्या भुवया वर जातात. त्यावर रूथचं उत्तर ठरलेलं असतं. दोन हजार वर्षं कोकणात काढल्यावर माणूस काय फ्रेंच बोलणार? शिमोनने लंडनजवळ वॉटफर्डला येऊन आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. रूथने प्राथमिक शाळेच्या किचनमध्ये नोकरी केली आणि गोऱ्या, काळ्या, सावळ्या अशा दोन पिढ्यांना कस्टर्ड वाढलं. शिमोन हळू बोलणारा, हळू चालणारा आणि एकदा बसला की न हलणारा. रूथ तिखट. कुणाला गोड बोलून समजवायचं तिला जमत नाही आणि कुणी उपाशी राहिलेलं तिला बघवत नाही. एवढं सांगितलं की बाई बरीचशी सांगून झाली.

म्हातारपणी गाडी शिकायचं कारण होतं शिमोनचे डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता आणि गृहस्थ कबूल करायला तयार नव्हते. समोरच्या गाडीची नंबरप्लेट वाचता आली नाही तर प्लेटच मळलेली असायची. शेवटी उन्हाळ्याच्या अखेरीला चष्मेवाल्याने स्वच्छ सांगितलं की ऑपरेशन होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, कायदाच आहे तसा. हॉस्पिटलची तारीख तर अजून लागायची होती. रूथचं लायसन्स त्याच्या पुढच्याच आठवड्यात पोस्टाने आलं. तिला वाटलं, देवाने बरोबर वेळ साधली.

आणि घाई होती ती नाओमीसाठी. नाओमी म्हणजे रूथची ठाण्यापासूनची मैत्रीण, वयाने बारा-तेरा वर्षांनी मोठी, पण मैत्रीणच. रूथ नवी नवरी म्हणून इथे आली तेव्हा बसचं तिकीट कसं काढायचं आणि थंडीत कपडे कुठे वाळत घालायचे, ते तिला नाओमीने शिकवलं. आता नाओमीला विसरण्याचा आजार झाला होता. नवरा कधीच वारला, मुलगा ऑस्ट्रेलियात. त्याने तिला चेशॅमच्या पलीकडे एका खेड्यातल्या केअर होममध्ये ठेवलं होतं. जागा चांगली, माणसं प्रेमळ. पण त्या आजाराने नाओमीचं इंग्रजी आधी नेलं. चाळीस वर्षं पोस्टाच्या सॉर्टिंग ऑफिसात घडाघडा इंग्रजी बोललेली बाई, आता तिच्याकडे मराठी तेवढी उरली होती. आणि त्या घरात मराठीत "ओ" द्यायला कोणी नव्हतं. रूथ गेली की नाओमी बोलायची, तासन्‌तास बोलायची, निम्मं अर्थाचं आणि निम्मं बिनअर्थाचं. दर मंगळवारी आणि रविवारी शिमोन तिला गाडीने न्यायचा. आता शिमोनचे डोळे गेले सुट्टीवर. ट्यूब रेल्वेने जायचं तर मूर पार्कला बदला, चेशॅमला उतरा, तिथून बस पकडा, आणि ती बस रविवारी नाहीच. एका भेटीला अख्खा दिवस गेला असता. म्हणून भेटी थांबल्या होत्या.

गाडी दारात उभी होती, लायसन्स पर्समध्ये होतं. अडलं कुठे? तर विम्यात.

त्यांच्या विमा कंपनीचा नियम असा होता की पॉलिसी ज्याच्या नावावर आहे तो, आणि त्याच्याखेरीज आणखी फक्त दोन माणसं ती गाडी चालवू शकतात. तिसरं नाव हवं तर आधीचं एक काढा. आणि ती दोन नावं कोणाची, तर ऍरन आणि हदारची. ऍरन चौतिशीचा, मँचेस्टरला सॉफ्टवेअरमध्ये, बायको आणि मुलगी घेऊन सुखाने राहणारा. हदार तिशीची, बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. ऍरनने घर सोडून दहा वर्षं झाली, हदारने सात. दोघं या गाडीला वर्षातून एकदा हात लावायचे, तोही डिकी उघडून आईने दिलेले डबे काढायला.

"अहो, फोन करा," रूथ म्हणाली. "दोघांची नावं काढा आणि माझं घाला."

"करतो," शिमोन म्हणाला.

बायकोला "करतो" म्हणणारा नवरा आणि "दहा मिनिटांत येतो" म्हणणारा प्लंबर यांच्यावर विसंबून राहू नये. शिमोनने फोन केला नाही. मंगळवारी त्याचं डोकं दुखत होतं. बुधवारी लाइन बिझी होती, म्हणजे त्याने एकदा लावून बघितला होता. शुक्रवारी दुपारी आठवण केली तर म्हणाला, आता शब्बाथ लागेल, शनिवारचा विसावा, नवीन काम कशाला काढायचं? हाच माणूस एरवी शनिवारी सकाळी फोनवर क्रिकेटचा स्कोअर बघतो. पण त्या महिन्यात त्याची भक्ती एकदम वाढली. मग आला नव्याचा सण, म्हणजे ज्यूंचं नवं वर्ष. वर्षाच्या पहिल्या दिवशी कोणी घरातली नावं कमी करतं का? ते संपलं तर किप्पूरचा मोठा उपास तोंडावर. तो झाला की मांडवाचा सण. सण होऊन जाऊ दे, मग बघू. पंचांग त्याच्याच बाजूने उभं होतं.

रूथने एकदा समजूत काढून पाहिली. "दोघांची नको तर एकाचं काढा. तेवढ्याने माझं काम होतंय."

"कोणाचं काढू?" शिमोन म्हणाला. "ऍरनचं काढलं तर त्याच्या बायकोला वाटेल सासऱ्याने तोडलं. हदारचं काढलं तर हदार म्हणेल मुलगी म्हणून काढलं. सांग, कोणाचं काढू?"

"काही वाटत नाही हो कोणाला. गाडीचा विमा आहे तो, मृत्युपत्र नाही."

पण शिमोनसाठी ते तसंच काहीतरी होतं, आणि ते रूथला ठाऊक होतं. तो एकोणीस वर्षांचा असताना त्याची आई गेली. दिवस सरल्यावर वडिलांनी त्याला रेशनिंग ऑफिसात पाठवलं, आईचं नाव कमी करून आण म्हणून. कारकुनाने त्याच्या देखत लाल पेनाने आईच्या नावावर रेघ मारली आणि कार्ड परत सरकवलं. त्या महिन्यापासून साखर एका माणसाची कमी मिळू लागली. पिशवी हातात घेतली आणि वजनावरून कळलं की आई खरंच गेली, असं त्याने लग्नानंतर रूथला सांगितलं होतं. रडला नव्हता, नुसतं सांगितलं होतं. तेव्हापासून नाव कमी करणं म्हणजे त्याच्या लेखी एकच गोष्ट. म्हणून दरवर्षी पॉलिसीच्या वेळी कंपनी विचारायची, या पत्त्यावर गाडी चालवणारे कोण कोण राहतात, आणि हा बिनदिक्कत सांगायचा, मी, माझा मुलगा, माझी मुलगी. खोटं बोलतोय असं त्याच्या मनातही यायचं नाही. पोरांचं घर कोणतं? हेच. मग राहतात कुठे? इथेच. इंग्रजांना हा हिशेब कळत नाही, त्याला शिमोन काय करणार?

रूथला त्याची दया यायची आणि रागही यायचा. दया आली की ती चहा करायची, राग आला की भांडी घासायची. त्या तीन आठवड्यांत वाकरूळकरांची भांडी आरशासारखी झाली होती.

किप्पूरचा उपास सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कोणाला न सांगता निघाली. ट्यूब, ट्यूब, बस, आणि पुढे पावसात चिखलाच्या पायवाटेने चालत. पोचली तेव्हा दुपार कलली होती आणि नाओमी झोपली होती. तिथल्या नर्सने सांगितलं की मिसेस नाओमी हल्ली बोलत नाहीत. एक शब्दही नाही. आणि खातही नाहीत, वजन उतरतंय. रूथ पलंगाजवळ बसून राहिली. बसची वेळ झाली तशी नाओमीच्या कपाळावरचे केस सारून उठली. नाओमी जागी झालीच नाही.

ती घरी आली तेव्हा शिमोन दिवे लावून वाट बघत होता. तिने ओला कोट काढला नाही. उभ्यानेच बोलली.

"तुम्ही वर पोरांच्या दोन रिकाम्या खोल्या सांभाळताय. सांभाळा. पण एक ऐका. आपली पोरं जिवंत आहेत. धडधाकट आहेत, पोटभर जेवतायत. त्यांचं नाव कुठूनही काढलं तरी ती मरत नाहीत. नाओमी मात्र मरतेय. तिला तीन आठवडे मी वाट बघायला लावली, कारण माझ्या नवऱ्याला एक फोन होत नाही."

रूथने कोट खुंटीला लावला आणि त्या दिवशी भांडी तशीच टाकून वर निघून गेली. पस्तीस-छत्तीस वर्षांच्या संसारात तिने भांडी कधी टाकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिमोन स्वतःहून म्हणाला, "पोरांना विचारायला तर हवं." रूथने कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला, पण दोघांना एकत्र व्हिडिओ कॉल लावून दिला. ऍरन ऑफिसला निघाला होता, हदार गाउनमध्ये टोस्ट खात होती.

शिमोनने घसा खाकरून, सगळे शब्द जुळवून सांगितलं. ममीला गाडी चालवायची आहे, जागा दोनच आहेत, तर तुमची नावं काढावी लागतील, तुमची हरकत नसेल तर.

पलीकडे दोघांच्याही भुवया वर गेल्या. शिमोनचा चेहरा पडला. मग ऍरन म्हणाला, "पप्पा, मी अजून त्याच्यावर आहे?"

"म्हणजे?"

"मला वाटला तू कधीच काढला असेल. माझा स्वतःचा गाडी आहे, सिक्स इयर्स झाले."

हदार हसायला लागली. "पप्पा, मला तर माहीतच नव्हता मी कधी होते." मग बापाचं तोंड बघून तिने हसणं आवरलं आणि टोस्ट खाली ठेवला. "पप्पा, यू ओके?"

"ओके, ओके," शिमोन म्हणाला. "विचारून घेतलं. बरं असतं विचारलेलं."

फोन बंद झाला. रूथ जवळ आली. काल एवढी फटकळ बोललेली बाई, पण आता तिने त्याच्यापुढे चहा ठेवला. ज्यांच्यासाठी हा माणूस वर्षानुवर्षं जागा धरून बसला होता, त्यांना आपली जागा धरलेली आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. यात पोरांचा दोष काय? काहीच नाही. ती आपापल्या घरी सुखी होती, आणि तसं व्हावं म्हणूनच तर याने जन्मभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ग्रीसने हात काळे केले होते. पण दोष नसला की दुखत नाही असं कुठे आहे?

"लाव फोन कंपनीला," शिमोन म्हणाला.

रूथने नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला. बोलणं त्यालाच भाग होतं, पॉलिसी त्याच्या नावावर. पलीकडे एक तरुण मुलगी होती, आवाजाने उत्तरेकडची, गोड बोलणारी. दोन नावं काढायची आहेत म्हटल्यावर तिने एकेक करून विचारलं. मिस्टर ऍरन वाकरूळकर तुमच्या पत्त्यावर राहतात का?

शिमोन थांबला. रूथच्या ओठांवर उत्तर आलं होतं, ते तिने गिळलं. हे त्याचं त्यानेच म्हणायला हवं होतं.

"नो," शिमोन म्हणाला. "ही हॅज हिज ओन होम."

आणि मिस हदार?

"शी ऑल्सो." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, विचारलं नसताना त्याने त्या मुलीला सांगितलं की दोघंही चांगली आहेत, फोन करतात, आठवण ठेवतात, फक्त इथे राहत नाहीत. ती मुलगी म्हणाली, माझे वडीलही असंच सांगतात. मग तिने रूथचं नाव घातलं आणि विचारलं की यापुढे गाडी जास्त कोण चालवेल? शिमोनने बायकोकडे बघितलं. "माय वाइफ," तो म्हणाला. तसंच लिहिलं गेलं. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. तीन आठवडे ज्याला लागले ते काम दहा मिनिटांचं निघालं, तेव्हा रूथला पुन्हा एकदा भांडी घासावीशी वाटली.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला ती गाडी घेऊन निघाली. शिमोन बाजूला बसला. रिकमन्सवर्थच्या राउंडअबाउटवर तिने एकदाच वाट दिली आणि मग घुसली. चेशॅमच्या चढावर तिच्या मागे गाड्यांची रांग लागली, एकाने हॉर्न दिला. रूथ म्हणाली, वाजव बाबा, लग्न आहे ना घरात. शिमोन सगळी वाट आपल्या बाजूला नसलेला ब्रेक पायाने दाबत होता, पण तोंडाने एक अक्षर बोलला नाही. त्याला तेवढं शहाणपण आलं होतं.

केअर होममध्ये जेवणाची वेळ होती. नाओमी खिडकीजवळच्या छोट्या टेबलाशी बसली होती, चेहरा ओढलेला, मनगटं काटक्यांसारखी. पुढ्यात बटाट्याचा मॅश आणि हिरवे वाटाणे. नर्सने चमचा तिच्या हातात दिला. नाओमीने तो ताटलीत ठेवला आणि ताटली समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवली.

"रोज हेच," नर्स म्हणाली. "आम्ही पुढे करतो, त्या दूर सारतात."

"नाओमी, मी आले गं. रूथ. स्वतः गाडी चालवत आले," रूथ म्हणाली. नाओमीने तिच्याकडे बघितलं, आणि नजर पुन्हा खिडकीकडे गेली. रूथ बोलत राहिली, सणाचं सांगितलं, हलवा कसा जमला नाही ते सांगितलं.

शिमोन दाराशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "माझ्यामुळे झालं हे."

"हो," रूथ मागे न बघता म्हणाली, "तुमच्यामुळेच झालं." त्याला बरं वाटावं म्हणून तिला खोटं बोलता आलं असतं, पण तिने ते केलं नाही. उभं राहून तिचे पाय दुखायला लागले होते. ती समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसली.

नाओमीने ताटली आणखी थोडी पुढे सरकवली, थेट रूथच्या हाताशी. तिचे ओठ हलले.

"जेवलीस का?"

आवाज इतका बारीक होता की रूथला पुढे वाकावं लागलं. "नाही गं," ती म्हणाली. "अजून नाही जेवले."

"मग मी कशी जेवू?" नाओमी म्हणाली. "कोणी जेवतच नाही या घरात. नुसतं मला वाढतात."

रूथला एकदम उमगलं. नाओमी अन्न नाकारत नव्हती. वाट बघत होती. युनिफॉर्म घातलेली परकी माणसं घरात येत होती, उभ्या उभ्या हिला वाढत होती आणि स्वतः न जेवता निघून जात होती. पाव्हण्यांना उपाशी ठेवून आपण जेवायचं, हे नाओमीने जन्मात कधी केलं नव्हतं. म्हणून ती त्यांना आपलं ताट देत होती. इतके दिवस देत होती आणि कोणी घेत नव्हतं. रूथचे डोळे भरून आले, ते तिने पुसले नाहीत.

तिने नर्सकडे आणखी एक ताटली मागितली. ती आली तसा पहिला घास रूथने घेतला. मॅशला मीठ नव्हतं, वाटाणे कच्चट होते. नाओमीने ती चावते आहे का ते नीट बघितलं, मग स्वतःचा चमचा उचलला. एक घास घेतला, मग दुसरा. नर्स तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

"चांगलं झालंय," नाओमी म्हणाली. "अजून घे."

रूथने अजून घेतलं. मग तशीच, घास तोंडात ठेवून, दाराकडे वळून शिमोनला म्हणाली, "उद्यापासून दुपारचं तुमचं तुम्ही वाढून घ्यायचं. मी इथे जेवायला येणार. रोज."

"ये," शिमोन म्हणाला.